लाल अक्षरातला डॉक्टर

दर चार वर्षांनी, थंडीच्या तोंडावर, आमच्या घरात अमेरिकेची निवडणूक येते. म्हणजे टीव्हीवर. गावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मी दार लोटून घेतो, पण ही मात्र चहाचा कप हातात घेऊन चवीनं बघतो. बायको म्हणते, "तुमचं कोण उभं आहे तिथे?" कुणीच नाही. तरी बघतो. परवा असाच एक उमेदवार बोलत होता. मोठ्या नावाजलेल्या विद्यापीठात शिकलेला, असं खाली पट्टीवर येत होतं. अंगात मात्र चौकटीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, डोक्यावर ट्रकवाले घालतात तसली टोपी. सांगत काय होता, तर मी पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्यांपैकी नाही, मी तुमच्यासारखाच साधा माणूस. समोरचे लोक वेडे झाल्यासारखे टाळ्या पिटत होते.

"एवढा शिकलाय, तर सांगायची लाज का वाटते त्याला?" बायकोनं विचारलं.

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो सौदीत, लढाईच्या हिवाळ्यात. त्याचं उत्तर मला अजून पुरतं सापडलेलं नाही. पण शोधायला मजा येते, म्हणून मी त्या हिवाळ्याकडे पुन्हा पुन्हा जातो.

मी बोर्ड पेंटर. राजापुरात होतो तोवर वकिलांच्या, डॉक्टरांच्या, शिकवणीवाल्यांच्या पाट्या रंगवायचो. स्वतः मॅट्रिकला दोनदा आपटलो, पण माझ्या हातून जितक्या पदव्या गेल्या तितक्या एखाद्या कुलगुरूच्या हातूनही गेल्या नसतील. नाव काळ्या किंवा निळ्या रंगात आणि पदवी लाल, ही आमच्याकडची रीत. ती लाल अक्षरं काढताना मी श्वास रोखून धरायचो. नाव जन्मल्यावर कुणालाही मिळतं, पदवी माणूस स्वतः मिळवतो, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

सौदीत आलो आणि रियाधच्या अल मलाझमध्ये एका कंपनीच्या वर्कशॉपात लागलो. तिथे 'पाणी पिण्याचे', 'धूम्रपान मना', 'हेल्मेट घाला' असल्या पाट्या. पदवीचं लाल अक्षर वर्षानुवर्षं काढायला मिळालं नाही. मग कुवेतमध्ये इराकी फौजा शिरल्या, आणि सगळ्या देशाचा नूरच पालटला. ऑफिसच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या आल्या. घरून फोन यायचे, परत ये म्हणून. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, आणि पासपोर्ट दोन्ही कफीलच्या, म्हणजे ठेवून घेणाऱ्या मालकाच्या कपाटात, परत कसा येणार? तेवढ्यात कंपनीला उत्तरेकडे पाण्याचं काम मिळालं आणि आम्हा एकशेचाळीस जणांना हाइलच्या पलीकडे, उघड्या माळावर नेऊन सोडलं. फौजेसाठी विहिरी पाडायच्या, टाक्या बसवायच्या. मला बाण असलेल्या पाट्या काढायच्या होत्या, वाळवंटात रस्ता कुठे आहे हे सांगणाऱ्या.

तिथली थंडी मी विसरलेलो नाही. सौदी म्हटलं की आपल्या लोकांना भट्टी आठवते, पण हाइलकडे डिसेंबरात सकाळी रंगाच्या डब्यावर साय धरायची. डबा आधी चुलीजवळ ठेवायचा, मग ब्रश बुडवायचा. दूरवर गव्हाची गोल गोल शेतं, एवढ्या पिवळ्या मुलखात एकाएकी हिरवी. आणि वरून दिवसभर विमानं. आम्ही मान वर करून मोजायचो, आणि खाली बघून कामाला लागायचो.

त्या कॅम्पात वॉल्टसाहेब होते. अमेरिकन, पन्नाशीचे, उंच, पाठीत थोडे वाकलेले. बोअरिंगच्या यंत्रावर स्वतः चढायचे, कोपरापर्यंत चिखलात. बोटाला लागलेला चिखल हुंगायचे, कधी जिभेला लावायचे, आणि इथे आणखी इतके मीटर म्हणून सांगायचे. ते बरोबर निघायचं. "मी काय, विहिरी खणणारा माणूस," असं ते कुणालाही सांगत. आमचाही समज तोच.

आणि रॉय होता, आमचा मोठा साहेब. त्याला साहेब म्हटलेलं चालायचं नाही. "रॉय म्हणा," असं पहिल्याच दिवशी दम देऊन सांगितलं त्यानं. लाल चेहऱ्याचा, गडगडाटी हसणारा, आमच्याबरोबर खाली बसून हातानं भात खाणारा. आपलं ताट आपण धुवायचा. एकदा माझी गाडी वाळूत रुतली तर स्वतः फावडं घेऊन उतरला. आमच्याकडे ओव्हरसिअरसुद्धा छत्री दुसऱ्याच्या हातात देतो, आणि हा एवढा मोठा माणूस चाकाखालची वाळू उपसतोय! मी त्या दिवशी घरी लिहिलेल्या पत्रात अर्धं पान रॉयवरच खर्च केलं.

झालं असं की वॉल्टसाहेबांना आईचं पत्र आलं. टपाल आमच्या इस्माईलचाचांकडे यायचं. चाचा श्रीवर्धनचे, वीस वर्षं सौदीत काढलेले, अरबी असं बोलायचे की सौदी पोलीसही त्यांना चहा पाजायचे. कॅम्पातले दुभाषी तेच आणि टपालवालेही तेच. पाकिटावर म्हातारीच्या थरथरत्या अक्षरात नावाआधी 'डॉ.' होतं. चाचांनी चौकशी केली, ऑफिसातली फाईल बघितली आणि धावत माझ्याकडे आले.

"मेल्या पेंटर, घरात डाक्टर र्‍हातो नि आपल्याला खबर नाय! दवाखान्याचा नाय, अभ्यासाचा. पाण्याचा डाक्टर! पीएचडी हाय मानूस, नि त्याच्या दारावर साधी पाटी नाय?"

आम्हाला कसंसंच झालं. एवढा मोठा माणूस आणि आम्ही त्याला 'यल्ला वॉल्ट', चल रे वॉल्ट, म्हणून हाका मारतोय! मी चांगला पत्रा निवडला. दोन हात पांढरा दिला, दोऱ्याला खडू लावून रेघा मारल्या, इंग्रजीत नाव निळ्यात काढलं. आणि कितीतरी वर्षांनी लाल रंगाचा डबा उघडला. 'डॉ.' आधी, 'पीएच.डी.' नंतर. दोन्हीकडून लाल, मध्ये नाव. शुक्रवारी सकाळी सुट्टी असते. चाचांनी शिरा केला, प्लास्टिकच्या फुलांची माळ कुठून तरी पैदा केली, आणि आम्ही शेदीडशे माणसं वॉल्टसाहेबांच्या केबिनसमोर उभी राहिलो. ते दार उघडून बाहेर आले, पाटी बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, गहिवरले.

तेवढ्यात रॉयची गाडी आली. त्यानं शिरा घेतला, पाटी वाचली, आणि पोट धरून हसला. "वॉल्ट! तू प्रोफेसर? आणि मी इतके दिवस एका बोअरवाल्याचं ऐकतोय असं समजत होतो!" बाकीचे अमेरिकनही हसले. वॉल्टसाहेबही हसले. हसणाऱ्यांत वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, आणि म्हणूनच आम्हाला काही कळलं नाही. आम्हीही हसलो.

कळलं ते चार दिवसांनी. आमचे तंबू जुन्या जागेवरून हलवायचे होते. वॉल्टसाहेबांनी आधीच सांगितलं होतं की तंबू वर, खडकाळ उंचवट्यावर लावा. रॉयनं मान डोलावली होती. आता त्यानं हुकूम काढला की तंबू खाली, वाळूच्या सपाट पट्ट्यात लावायचे. तिथे वारा लागत नाही, खुंटे पटकन रुततात, विमानातून दिसतही नाही. वॉल्टसाहेब म्हणाले की तो पट्टा म्हणजे पाण्याची जुनी वाट आहे, डोंगरात पाऊस झाला तर तासाभरात तिथे माणूस उभा राहणार नाही. रॉयनं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "प्रोफेसर," तो म्हणाला, "वाळवंटात बुडण्याची भीती घालायला माणसाला फार शिकावं लागत असेल." पुन्हा हशा. मी तिथेच बाणाची पाटी ठोकत होतो. त्याच माणसाचं तेच वाक्य आठवड्यापूर्वी खरं होतं आणि आता विनोद झालं होतं. मधल्या काळात घडलं होतं ते एवढंच, की मी एक पाटी रंगवली होती.

त्या पट्ट्यात झोपणार होतो आम्ही, एकशेचाळीस जण.

मी वॉल्टसाहेबांकडे माफी मागायला गेलो. पाटी त्यांनी उतरवली नव्हती. "तुझी अक्षरं सुंदर आहेत," म्हणाले, "आता उतरवून उपयोगही नाही." मग त्यांनी मला आपल्या निवडणुकीची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावी पाणी वाटपाचं एक मंडळ असतं, लोक निवडून देतात. जमिनीतलं पाणी भराभर उपसलं जातंय, ते आटेल, हे सांगायला वॉल्टसाहेब उभे राहिले. विरुद्ध उभा होता चपलांचा दुकानदार, त्यांचा शाळेतला दोस्त. शाळेच्या सभागृहात दोघांना समोरासमोर उभं केलं. दोस्तानं एकच विचारलं, पाण्यावरची पुस्तकं किती वाचलीस रे? वॉल्टसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, चारशे तरी असतील. दोस्त लोकांकडे वळून म्हणाला, मी एकही नाही वाचलं, पण जन्मभर पितोय.

"सगळं सभागृह हसलं," वॉल्टसाहेब म्हणाले. "मी पण हसलो. विनोद चांगलाच होता."

"आणि मग?"

"मग मी पडलो. घरी येऊन नावाआधीचं डॉक्टर काढून टाकलं. एकट्या आईनं काही काढलं नाही."

मला हे काही केल्या समजेना. आमच्याकडे निवडणुकीच्या पत्रकावर माणूस पदवी नसली तर कुठून तरी जुळवून आणतो. नापास झाला तर नापास झालेल्या परीक्षेचं नाव लिहितो. मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे तुम्ही उभे राहा, लोक पाया पडतील." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाया पडतील ते कळलं. ऐकतील का?"

या प्रश्नावर मी पुढची तीस वर्षं घालवली आहेत. आमच्या शाळेचे हेडमास्तर आठवतात. रस्त्यानं निघाले की लोक सायकलवरून उतरायचे, आणि नदीकाठची झाडं तोडू नका म्हणून ते घसा कोरडा करायचे तेव्हा उतरलेलेच लोक मान खाली घालून कुऱ्हाड चालवायचे. अमेरिकन हसतो आणि ऐकत नाही, आपण वाकतो आणि ऐकत नाही. कुठला अपमान बरा? ज्याला हसतात त्याला निदान कळतं तरी की आपलं कुणी ऐकत नाही.

रॉयचाही विचार करतो मी. एकदा जेवताना तो आपल्या बापाबद्दल बोलला होता. लाकडाच्या गिरणीत होता बाप. शहरातून टाय लावलेली माणसं आली, कागद बघून गेली, गिरणीचं दार न उघडता गिरणी बंद करा म्हणून लिहून गेली. बाप त्यानंतर अंगणात नुसता बसून राहायचा. रॉयला कागदावरचा माणूस चालायचा नाही तो तेव्हापासून. ज्या मनानं तो माझ्या गाडीखालची वाळू उपसायचा, त्याच मनानं तो वॉल्टसाहेबांना हसत होता. कुणी कुणाहून वरचा नाही, हे त्याचं म्हणणं मला किती आवडायचं! तेच म्हणणं ताणत नेलं तर ज्याला जास्त कळतं तोही वरचा नाही, इथवर पोचतं, हे मला त्या हिवाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

वाट काढली ती इस्माईलचाचांनी. मैलभरावर सालेह नावाचे एक सौदी गृहस्थ मेंढरं घेऊन असायचे. साठी उलटलेले, पण मेंढरू बिथरलं तर पोरासारखे धावायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते हाइलला चाळीस वर्षं शाळामास्तर होते, भूगोल शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. शाळेच्या गच्चीवर पावसाचं माप ठेवून त्यांनी वर्षानुवर्षांचा पाऊस वह्यांत लिहून ठेवला होता. वॉल्टसाहेब संध्याकाळी त्यांच्याकडे कहवा प्यायला जायचे आणि दोघं नकाशा पसरून इंग्रजीत वाद घालायचे. त्या पट्ट्यातून कुठल्या वर्षी किती पाणी गेलं, हे उस्तादांच्या वहीत तारखेनिशी होतं.

चाचा म्हणाले, "वॉल्टसाब, वही दाखवू नका. रॉयला म्हातारा दाखवू. मेंढरं हायत, कातड्याचा कोट हाय, दाढी हाय. आनखी काय पायजे? चष्मा तेवढा खिशात. नि इंग्रजी खलास, एक अक्षर नाय."

उस्ताद भडकले. मी पोरांना चाळीस वर्षं काय शिकवलं, म्हणाले, उत्तर नुसतं लिहू नका, रीत दाखवा, रीत नसेल तर शून्य. आणि आता मी रीत लपवू? चाचांनी फक्त हात करून खालचा पट्टा दाखवला. तिथे आमची पोरं तंबूंचे खुंटे ठोकत होती. उस्तादांनी बराच वेळ तिकडे बघितलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

रॉय आला तेव्हा उस्ताद मेंढरांत उभे होते. चाचांनी ओळख करून दिली, की हे बाबा जन्मापासून इथे, उन्हापावसात. त्यात खोटं काहीच नव्हतं. उस्तादांनी वाळूच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि अरबीत चारच शब्द बोलले. चाचांनी भाषांतर केलं, "इथे झोपू नका, म्हणतात." रॉयनं ना नकाशा मागितला, ना कारण. त्यानं टोपी काढली. "शेवटी एक असा माणूस भेटला," तो म्हणाला, "ज्याला खरंच माहीत आहे." दुपारी तंबू वर गेले. खडकात खुंटे घालताना आमच्या हातांना फोड आले आणि आम्ही एका शब्दानं कुरकुरलो नाही.

लढाईला तोंड लागलं. रेडिओवर रियाधच्या बातम्या लागल्या की आम्ही सगळे भोवती जमायचो. अल मलाझमधले सोबती कसे असतील, या काळजीत दिवस जायचे. त्या गडबडीत एका दुपारी डोंगराकडचं आभाळ काळं झालं. आमच्यावर जेमतेम भुरभुर पडली. आणि मग आवाज आला, खडी ओतणारे ट्रक एकामागून एक येत असावेत तसा. तपकिरी पाणी त्या पट्ट्यातून आलं, काटेरी झुडपं, डबे, एक मेलेली शेळी घेऊन. आमचे सोडलेले खुंटे अजून तिथे रांगेत होते. ते एका क्षणात दिसेनासे झाले. उंचवट्यावर आम्ही सगळे उभे होतो. कुणीतरी रडत होतं. मी स्वतःच रडतोय हे मला नंतर कळलं.

पाणी ओसरल्यावर रॉय आम्हा सगळ्यांना घेऊन उस्तादांकडे गेला. त्याचे डोळे भरलेले होते. त्यानं उस्तादांचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. माणूस मनाचा खरा होता, हे मी आजही म्हणतो. "विचार त्यांना," तो चाचांना म्हणाला, "कसं कळलं? ढगांवरून? उंटांवरून?"

उस्तादांनी वॉल्टसाहेबांकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतील. खिशातून चष्मा निघेल, वही निघेल, अस्खलित इंग्रजीत रीत येईल. त्यांचा हात खिशाकडे गेलाही. पण वॉल्टसाहेबांनी अगदी बारीक मान हलवली. कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. याच पाण्याच्या वाटेवर, आणखी खाली, पुढच्या आठवड्यात दोनशे माणसांचा दुसरा कॅम्प पडायचा होता, आणि तोही रॉयच टाकणार होता.

उस्तादांचा हात खिशापाशी थांबला. मग तो खाली सरकला आणि त्यांनी आपला गुडघा धरला. हळूच काहीतरी बोलले. "गुडघा सांगतो, म्हणतात," चाचांनी तोंडावरची सुरकुती न हलवता भाषांतर केलं.

"गुडघा!" रॉय हरखला. त्यानं डायरी काढून ते लिहून घेतलं. "आणि आमच्या दुसऱ्या कॅम्पबद्दल? तिथे गुडघा काय म्हणतो?"

रॉयच्या पाठीमागे वॉल्टसाहेबांनी नकाशा उघडून धरला आणि पेन्सिल टेकवली. पण चष्म्याशिवाय उस्तादांना नकाशा कुठला दिसायला? ते डोळे बारीक करून बघत राहिले. शेवटी वॉल्टसाहेबांनी, चारशे पुस्तकं वाचलेल्या त्या माणसानं, दोन बोटं वर केली आणि पूर्वेकडे हात केला. उस्तादांनी गुडघा चोळला. बराच वेळ चोळला. म्हणाले, दोन किलोमीटर, पूर्वेला. रॉय तेही लिहून घेऊन "यल्ला!" म्हणून उठला.

मला आधी हसू फुटलं. मग रॉयनं, जागा प्रत्यक्ष दाखवायला चला, म्हणून उस्तादांना गाडीकडे बोलावलं, आणि उस्ताद निघाले. चाळीस वर्षं रीतीशिवाय उत्तर लिहिणाऱ्याला शून्य देणारा तो मास्तर, सगळ्यांच्या देखत, गाडीपर्यंत लंगडत गेला.